घरच्या स्टीव्हियाचा गोडवा दर खेपेला कडवट का होतो: कारणांचा शोध आणि उपाय

कुंडीत वाढवलेली स्टीव्हियाची पाने साखरेऐवजी वापरायला सुरुवात केली की काही दिवसांतच एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. पहिल्या दिवशी चहा बरा झालेला असतो, दुसऱ्या दिवशी तो फिका लागतो म्हणून पाने वाढवली जातात, आणि तिसऱ्या दिवशी गोडव्याच्या मागोमाग जिभेच्या मुळाशी असा कडवटपणा रेंगाळतो की घरातील माणसे तो कप बाजूला सारतात. आमच्या घरी वडिलांना मधुमेहाचे निदान झाल्यावर मी गच्चीवर स्टीव्हियाची चार रोपे लावली. पहिले संपूर्ण वर्ष याच अडचणीत गेले. झाड बदलून पाहिले, पानांची पूड अधिक बारीक करून पाहिली, चहात वेलची वाढवली, तरी एकदा जमलेली चव पुढच्या खेपेला हाती लागत नसे. दोष एका जागी नसून झाड, वाळवण, अर्क, माप आणि पदार्थ अशा पाच ठिकाणी तो थोडाथोडा साठत असतो, हे ध्यानात आल्यावर मार्ग सापडला. खाली जे लिहीत आहे ते त्या शोधाच्या क्रमाने आहे.

अधिक पाने घालणे हा उपाय नव्हे

स्टीव्हिया मूळची पॅराग्वेची. तेथील ग्वारानी लोक तिची पाने येर्बा माते या कडवट पेयात घालत आले आहेत. मोइसेस बेर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या वनस्पतीची शास्त्रीय नोंद केली. पानातील गोडवा साखरेचा नसतो. तो स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड या गटातील द्रव्यांचा असतो, आणि त्यांपैकी स्टीव्हिओसाइड आणि रिबॉडिओसाइड ए ही दोन मुख्य. शुद्ध स्वरूपात ही द्रव्ये साखरेच्या दोनशे ते तीनशे पट, किंवा त्याहूनही काहीशी अधिक गोड असतात. आपल्या हातात असते ते मात्र नुसते वाळलेले पान. त्यात या द्रव्यांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि स्वयंपाकघरातील हिशेबाने वाळलेले पान साखरेच्या दहा ते पंधरा पट गोड धरले तर फारशी चूक होत नाही.

आता कडवटपणाचे कारण. हीच गोड द्रव्ये जिभेवरील कडू चव ओळखणाऱ्या काही ग्राहींनाही जागे करतात. मात्रा थोडी असते तेव्हा गोडवा पुढे आणि कडवटपणा मागे राहतो. मात्रा वाढत गेली की गोडवा एका पातळीवर येऊन थांबतो, कडवटपणा मात्र वाढतच राहतो. ही पातळी साधारणपणे शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम साखर विरघळवल्यावर जितका गोडवा येतो त्याच्या आसपासची आहे. त्याहून गोड पदार्थ केवळ स्टीव्हियावर करता येत नाही. कितीही पाने घातली तरी वाढतो तो फक्त कडूपणा. दीडशे मिलिलिटरच्या चहाच्या कपात दोन सपाट चमचे साखर घातली तर ती सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते, म्हणून चहा जमतो. चक्क्याच्या बरोबरीने साखर घेऊन केलेले श्रीखंड या पातळीच्या कितीतरी पुढे असते, म्हणून ते जमत नाही. पदार्थ फिका लागला की पाने वाढवण्याचा जो स्वाभाविक मोह होतो, तोच बहुतेक वेळा मूळ बिघाड असतो, आणि या एका गोष्टीची जाणीव ठेवली तर निम्म्या तक्रारी तेथेच संपतात.

यात आणखी एक भर पडते ती बाजारातील पाकिटांमुळे. साखरेइतकाच एक चमचा स्टीव्हिया घालावा असे सांगणारी पाककृती पाकिटातील भुकटीसाठी लिहिलेली असते. त्या भुकटीत मापाला सोयीचे व्हावे म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा एरिथ्रिटॉल यांसारखा भराव पुष्कळ असतो. तेच माप घरच्या पानांच्या पुडीला लावले तर पदार्थ तोंडात घेववत नाही. घरच्या पानांसाठी पाककृतीही घरच्याच मापाने लिहावी लागते.

झाडातच गोडवा कमी असेल तर

तपासाची पहिली पायरी म्हणजे ताजे पान चावून पाहणे. पिकलेले खालचे पान, मधले पूर्ण वाढलेले पान आणि शेंड्याचे कोवळे पान अशी तीन पाने काही मिनिटांच्या अंतराने चावावीत. सगळीच पाने फिकी किंवा गवतासारखी लागली, तर दोष रोपाचा असण्याची शक्यता अधिक. बियांपासून वाढवलेली स्टीव्हियाची रोपे गोडव्यात एकमेकांपासून फार वेगळी निघतात. एकाच पाकिटातील बियांच्या दोन रोपांतही हा फरक जाणवतो. माझ्या चार रोपांपैकी एक स्पष्टपणे गोड होते, दोन मध्यम होती आणि एक जवळजवळ निरुपयोगी. त्या गोड रोपाच्या फांद्यांची बोटभर लांबीची छाटकलमे लावून बाकीची रोपे हळूहळू बदलली, तेव्हा खेपेखेपेतील फरक बराच कमी झाला. छाटकलमातून येणारे रोप मूळ झाडाचेच गुण घेऊन येते, म्हणून जिथे चव पारखून घेता येते अशा ओळखीच्या घरातील फांदी रोपवाटिकेतील अनोळखी रोपापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

रोप विकत घेताना नावाचीही काळजी घ्यावी. स्टीव्हियाला आपल्याकडे गोड तुळस, मधुपत्र, मधुपर्णी अशी नावे लावली जातात, परंतु मधुपर्णी हे गुळवेलीचेही जुने संस्कृत नाव आहे. नावावर न जाता पान चाखूनच रोप घ्यावे.

दुसरे कारण फुलांचे. स्टीव्हिया लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस साधारण तेरा तासांपेक्षा लहान असला की ती फुलण्याकडे वळते. महाराष्ट्रात जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, त्यामुळे आपल्याकडे हे झाड वर्षाचा बराच काळ कळ्या धरण्याच्या बेतात असते. पांढरी बारीक फुले आली की पानांतील गोड द्रव्ये घटू लागतात आणि पान राठ होते. पाने गोळा करण्याची योग्य वेळ कळ्या दिसू लागण्याच्या अगदी आधीची. दर आठ-दहा दिवसांनी शेंडे पाहून कळ्या खुडाव्यात, आणि कापणी करताना जमिनीपासून वीतभर खोड राखून वरचा भाग कापावा, म्हणजे नवी फूट चांगली येते. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात याची मुळे लवकर कुजतात, आणि आधीचे निरोगी झाड आठवडाभरात माना टाकते.

वाळवण

पाने काळपट किंवा तपकिरी होऊन वाळली असतील तर चव बिघडलेलीच असते. असे होते ते वाळण्याला वेळ लागल्यामुळे, आणि पावसाळ्यात हा दोष हटकून येतो. देठ आणि जाड काड्या आधीच वेगळ्या कराव्यात, कारण त्यांत गोडवा फारच थोडा असतो आणि त्यांच्यामुळे पुडीत नुसता चोथा वाढतो. पाने धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सुती कापडावर एकेरी थरात पसरावीत आणि वर पातळ मलमलीचे फडके टाकून कोरड्या उन्हात एका दिवसात वाळवावीत. पान चुरडल्यावर कुरकुरीत मोडले पाहिजे आणि रंग हिरवाच राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवसावर गेलेले वाळवण मी चहासाठी वापरत नाही. ओल्या हवेत पंख्याखाली वाळवता येते, परंतु आषाढ-श्रावणात पाने वाळवण्याचा हट्टच न धरता ताजी पाने वापरणे अधिक बरे. ताज्या पानाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो, म्हणून एक ग्रॅम वाळलेल्या पानांच्या जागी चार ते पाच ग्रॅम ताजी पाने लागतात.

पूड नको, अर्क हवा

पानांची पूड थेट पदार्थात घालणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त बिघडणारा मार्ग आहे. पूड विरघळत नाही. ती दातांखाली येते, पदार्थाला हिरवट रंग आणि सुक्या गवताचा वास देते, आणि पदार्थ जितका वेळ उभा राहतो तितका वेळ तिच्यातून कडवट, तुरट अंश उतरत राहतो. सकाळी केलेली खीर दुपारी अधिक कडू लागते त्याचे कारण हेच. चहातही पाने चहापत्तीबरोबर उकळू नयेत. उकळल्याने गोडवा नष्ट होत नाही, कारण ही द्रव्ये स्वयंपाकाच्या उष्णतेत चांगली टिकतात. परंतु दीर्घ उकळीने पानातील तुरट द्रव्येही सगळीच्या सगळी पाण्यात उतरतात.

माझी रीत अशी आहे. दहा ग्रॅम कुरकुरीत वाळलेली पाने हाताने भरड चुरडून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात घ्यावीत. अडीचशे मिलिलिटर पाणी उकळून, गॅस बंद करून, चार-पाच मिनिटे थांबावे आणि मग ते पानांवर ओतावे. झाकण ठेवून अर्धा तास राहू द्यावे. त्यानंतर पाणी आधी गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून गाळावे. फडके घट्ट पिळू नये. शेवटचे जे गडद थेंब पिळून निघतात त्यांत तुरटपणाच जास्त असतो. पाणी कमी झालेले असल्यास ते मोजून पुन्हा अडीचशे मिलिलिटर करावे, म्हणजे खेपांची तुलना करता येते. हा अर्क तपकिरी-हिरवट दिसतो आणि तो तसाच असतो. ज्यांना कडवटपणा अधिक जाणवतो त्यांनी हीच पाने थंड पाण्यात घालून रात्रभर शीतकपाटात ठेवून पाहावीत. अर्क थोडा फिका उतरतो, परंतु माझ्या जिभेला तो अधिक स्वच्छ लागतो.

हा अर्क साखरेच्या पाकासारखा टिकणार नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साखरेचा पाक टिकतो तो त्यात साखर फार दाट असते म्हणून. येथे तर जवळजवळ नुसते पाणीच आहे. शीतकपाटात पाच-सहा दिवस, त्यापुढे बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास येऊ लागतो. बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे खडे डब्यात ठेवले तर अर्क काही आठवडे नीट राहतो आणि मापही आपोआप ठरते.

माप ठरवण्याची रीत

वरील प्रमाणाने एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर अर्क, अंदाजे अर्धा ते पाऊण चमचा साखरेचे काम करतो. हा अंदाजच आहे, आणि अंदाजावर विसंबल्यामुळेच चव दर खेपेला बदलते. म्हणून प्रत्येक नव्या खेपेचा अर्क एकदा साखरेशी जोखून घ्यावा. एका पेल्यात शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम साखर विरघळवावी. दुसऱ्या पेल्यात तितकेच, त्याच तापमानाचे पाणी घेऊन त्यात अर्क एकेक मिलिलिटरने वाढवत चाखत जावे. स्टीव्हियाचा गोडवा जिभेवर उशिरा येतो आणि उशिरापर्यंत राहतो, म्हणून प्रत्येक घोटानंतर थोडे थांबावे, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि मगच पुढचा घोट घ्यावा. घाईने चाखले तर गोडवा पोहोचण्याआधीच अर्क वाढवला जातो, आणि नेमकी हीच चूक चहाच्या कपातही होत असते. दोन्ही पेले सारखे लागले की तो आकडा बाटलीवर तारखेसह लिहावा. माझ्याकडे मार्चमधील एका खेपेला आठ मिलिलिटर पुरले होते, तर फुलोऱ्यानंतर उरलेल्या पानांच्या खेपेला तेरा. एकाच झाडाच्या दोन खेपांत एवढा फरक असेल तर ‘तीन पाने पुरतात’ अशा सल्ल्याला काय अर्थ उरतो, हे निराळे सांगायला नको.

साखर एकदम पूर्ण बंद करू नये, असेही मी आवर्जून सांगेन. ज्यांना आरोग्यदृष्ट्या थोडी साखर चालते त्यांच्यासाठी निम्मी साखर आणि निम्मा स्टीव्हिया हे मिश्रण चवीला सर्वांत चांगले. अर्काची मात्रा कमी राहिल्याने कडवटपणा वर येत नाही, आणि साखरेचा चटकन जाणवणारा गोडवा स्टीव्हियाच्या उशिरा येणाऱ्या गोडव्याला आधार देतो. चिमूटभर मीठही कडवटपणा दाबते, कारण मिठातील सोडियममुळे कडू चवीची जाणीव मंदावते.

कोणता पदार्थ जमतो, कोणता जमत नाही

मीठ आणि आंबटपणा असलेले पदार्थ स्टीव्हियाला सर्वांत अनुकूल आहेत. कोकमाच्या आगळात मीठ असतेच. ते पाण्यात घालून, जिऱ्याची पूड आणि जोखलेला अर्क मिसळला की सरबत इतके चांगले होते की फरक सांगावा लागतो. कैरीच्या पन्ह्यातही तसेच, फक्त अर्क प्यायच्या वेळी घालावा. लिंबाच्या सरबतात आंबटपणामुळे गोडव्याला काही अपाय होत नाही. चिंचगुळाच्या आमटीत गुळाऐवजी अर्क चालतो, पण गुळाचा खमंगपणा येत नाही; मी अर्धा गूळ ठेवते. कोशिंबिरीतील चिमूटभर साखरेच्या जागी काही थेंब पुरतात.

दुधाच्या पदार्थांत नाचणीची खीर मला सर्वांत योग्य वाटते. नाचणीच्या रंगात अर्काचा रंग लपतो, दाटपणा नाचणीच्या पिठाचाच असल्याने साखरेची उणीव भासत नाही, आणि वेलची-जायफळाचा वास पानाच्या वासावर मात करतो. अर्क खीर उतरवल्यावर घालावा. तांदळाच्या किंवा शेवयांच्या खिरीत रंग मळकट दिसतो, म्हणून तेथे केशर किंवा खजुराचा आधार घ्यावा लागतो. अर्थात खजूर म्हणजेही साखरच, आणि मधुमेही व्यक्तीसाठी तो हिशेबात धरलाच पाहिजे. बासुंदी आटवताना दुधातील स्वतःची साखर दाट होत जाते, त्यामुळे तिला अर्क थोडा लागतो, हा लाभ ध्यानात ठेवावा.

शिऱ्याचे मात्र तसे नाही. सव्वाच्या मापाने केलेल्या प्रसादाच्या शिऱ्यात साखर केवळ गोडीसाठी नसते. ती वितळून रव्याला ओलावा, चकाकी आणि मऊपणा देते. साखर काढून अर्क घातला की शिरा कोरडा, मोकळा आणि उपम्यासारखा दिसतो. पाण्याऐवजी दूध वाढवून आणि एक पिकलेले केळे कुस्करून घालून थोडी भरपाई होते, पण तो निराळाच पदार्थ होतो. पुरणाला दाटपणा आणि चिकटपणा गुळामुळे येतो, म्हणून स्टीव्हियाचे पुरण पोळीत नीट बसत नाही. तिळाचे लाडू, चिक्की आणि पाकातले रव्याचे लाडू यांना बांधणारी वस्तूच पाक आहे, आणि अर्काला पाक येत नाही. कितीही आटवले तरी तो फक्त अधिक कडू होतो. केक आणि बिस्किटांत साखरेमुळे हवा धरली जाते, ओलावा राहतो आणि वरचा भाग खरपूस तांबूस होतो. स्टीव्हियाला रंग चढत नाही, त्यामुळे भट्टीत केक पांढुरका राहिला म्हणून वेळ वाढवला की तो आतून सुकतो. तेथे निम्मी साखर राखणे हाच व्यवहार्य उपाय.

मोरांबा, गुळांबा, साखरांबा, फळांचे जॅम आणि गोड लिंबाचे लोणचे यांत साखर किंवा गूळ हीच टिकवणारी वस्तू असते. फळांच्या जॅममध्ये साखरेसह विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण पासष्ट टक्क्यांच्या वर नेलेले असते, आणि त्यामुळे बुरशीला व जिवाणूंना वाढीसाठी पाणीच उपलब्ध होत नाही. त्या जागी अर्क घालून बरणी कपाटात ठेवली तर काही दिवसांतच बुरशी धरते. वडिलांसाठी मी केलेला मोरांबा आठव्या दिवशी फेकावा लागला. असे पदार्थ करायचेच असतील तर एका आठवड्यापुरते करून शीतकपाटात ठेवावेत आणि त्यांना मोरांबा न म्हणता कैरीचा ताजा गोड पदार्थ समजावे.

मात्रा आणि आरोग्याची काळजी

येथे जरा थांबून स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. जगभरातील अन्नसुरक्षा संस्थांनी ज्याला मान्यता दिली आहे ते शुद्ध केलेले स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड आहे. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने २००८ पासून अतिशुद्ध अर्काला आक्षेप घेतलेला नाही, परंतु अख्खे पान आणि कच्चा अर्क यांना गोडी आणणारा घटक म्हणून तशी मोकळीक दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने दररोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे चार मिलिग्रॅम स्टीव्हिऑल इतकी ठरवली आहे. साठ किलोच्या माणसासाठी हे २४० मिलिग्रॅम स्टीव्हिऑल, म्हणजे अंदाजे सहाशे ते सातशे मिलिग्रॅम गोड द्रव्ये होतात. पानात ती दहा टक्के धरली तर दिवसाला सुमारे सहा ग्रॅम वाळलेली पाने. ही मर्यादा शुद्ध द्रव्यासाठी आहे आणि घरच्या पानाचे प्रमाण बदलते, म्हणून मी वडिलांसाठी दोन ग्रॅम पानांच्या अर्कापुढे, म्हणजे वरच्या प्रमाणाने पन्नास मिलिलिटरपुढे, जात नाही. तीन कप चहा आणि एक पेला सरबत एवढ्यात भागते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये अशी शिफारस केली आणि त्यात स्टीव्हियाचाही समावेश आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू केलेली नाही. ज्यांना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तसेच गर्भवती स्त्रिया, त्यांनी अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि सोबत बाटलीवर लिहिलेली मापे न्यावीत. आहारातील साखर अचानक कमी झाली आणि इन्सुलिनची किंवा गोळ्यांची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. अशा वेळी हातपाय थरथरू लागले, घाम फुटला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर स्टीव्हियाचा गोड चहा देऊन काहीही उपयोग होत नाही. साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालूनच द्यावे लागते, आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडाने काहीही न देता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. घरात स्टीव्हिया रुळल्यावरही साखरेचा एक लहान डबा सर्वांना ठाऊक असेल अशा जागी भरलेला ठेवावा.